सर्व्हरचा पोळा

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी सरळ सांगते, नेट गेलं की शिव्या खाते. नेट चालू असतं तेव्हा कॉलेजात मी आहे हे कोणाच्या ध्यानातही नसतं. ते गेलं, की प्राचार्यांपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळ्यांना मी एकदम आठवते. "मॅडम, नेट गेलं," हे लोक इतक्या पडलेल्या आवाजात सांगतात की पहिल्या वर्षी मी दोनदा "कधी?" असं दचकून विचारलं होतं.

वर्ध्याहून आंजीकडे जाताना आमच्या संस्थेचं आवार लागतं. एक ज्युनिअर कॉलेज, एक तंत्रनिकेतन आणि लॅब टेक्निशियनचा कोर्स, असा सगळा संसार. याचं नेटवर्क मी सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, तर तीस कॉम्प्युटरांसाठी घेतलेल्या एका सर्व्हरवर एकशे चाळीस कॉम्प्युटर लटकले होते आणि ते खाली पडू नयेत म्हणून मी देवाचं नाव घेत होते. हजेरी त्याच्यावर, गुण त्याच्यावर, लायब्ररी त्याच्यावर. त्या खोलीतला एसी मरून जमाना झाला होता. त्याच्या जागी वाळ्याचा कूलर बसवला होता, त्यामुळे आमच्या सर्व्हरला उन्हाळ्यात वाळ्याचा वास यायचा आणि पावसाळ्यात बुरशीचा. नऊ वर्षं तो एकदाही बंद झाला नव्हता. बाहेरचे लोक ऐकून कौतुक करायचे. अहो, कौतुक कसलं? बंद करायची माझी छाती नव्हती. जुनी डिस्क फिरते तोवर फिरते, एकदा थांबली की पुन्हा उठेल याची हमी ब्रह्मदेवही देत नाही.

मग सगळ्याची दुसरी प्रत काढून का ठेवली नाही, असं तुम्ही विचाराल. काढायला बसले की सर्व्हर त्यातच गुंतायचा, सगळं कॉलेज गोगलगाय व्हायचं आणि दहा मिनिटांत प्राचार्यांचा फोन यायचा, "मॅडम, काय करताय ते बंद करा." रात्री आणि सुटीलाही कोणी ना कोणी त्याच्यावर असायचंच. नवा सर्व्हर द्या म्हणून मी सहा अर्ज केले. क्षमता, भार, तक्ते, आलेख, सगळं जोडून. सहाही अर्ज संस्थेच्या अध्यक्षांकडून परत आले आणि सहांवर एकच शेरा होता: "चालू आहे ना? मग चालू द्या." सातवा अर्ज लिहायला घेतला तेव्हा माझा मलाच राग आला, म्हणून फाडून टाकला.

अध्यक्ष म्हणजे काकाजी. अख्खं आवार त्यांना काकाजीच म्हणतं. वय ऐंशीच्या पुढचं, धोतर, सदरा, टोपी, आवाज अजून खणखणीत. मूळचे शेतकरी. स्वतःच्या वावरात दोन खोल्या बांधून त्यांनी ही संस्था उभी केली आणि तिच्यात एक नेम घालून दिला: पोळ्याच्या दिवशी जे जे राबतं त्याला सुटी. बैलांना तर असतेच, पण आमच्याकडे कॉलेजची बस धुऊन, हार घालून उभी करतात. पाण्याचा पंप बंद. जनरेटर बंद. घंटासुद्धा वाजवायची नाही, कारण तीही वर्षभर मार खाते. सगळा स्टाफ सुटी असून पूजेला येतो, पुरणपोळी खातो आणि घरी जातो. यातून इतकी वर्षं सर्व्हर वाचला, कारण असं काही यंत्र आपल्याकडे आहे हे काकाजींना माहीतच नव्हतं. नेट टॉवरमधून येतं, अशी त्यांची समजूत होती आणि ती कोणी मोडली नव्हती.

ती मोडली मी. पोळा दोन दिवसांवर आला होता. काकाजी एका पाहुण्याला आवार दाखवत होते आणि ग्रंथालय समजून त्यांनी माझ्या खोलीचं दार उघडलं.

"हे काय होय वं मॅडमबाई?"

"सर्व्हर, काकाजी. सगळ्या कॉलेजचं काम हाच करतो."

"रातंदिस?"

"रात्रंदिवस."

"मंग याले सुटी कवा देता?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण पाहुण्यासमोर जरा छाती फुगवून मी सांगितलं, "नऊ वर्षांत एकदाही नाही!"

काकाजींचा चेहराच उतरला. "नऊ वर्सं? अवं, पाप लागन आपल्याले!" ते पाहुण्याला म्हणाले, "पाहून घ्या, घरात बैल जुंपलेला अन् मालकाले पत्ताच नाई." आणि मला म्हणाले, "औंदा याचाबी पोळा करू. पुरा दिवस बंद."

मी हात जोडले, पाया पडायचीच बाकी ठेवली. "काकाजी, याला सुटी लागत नाही, हे यंत्र आहे." तर म्हणाले, "बसबी यंत्रच होय."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. जुवाखाली घासून निघालेल्या खांद्याला लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानानं शेकायचं आणि बैलाच्या कानात उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. संध्याकाळी काकाजी वाटीभर लोणी-हळद घेऊन आले. मागं प्राचार्य, त्यांच्या हातात पळसाची पानं. भौतिकशास्त्रात पीएचडी झालेला माणूस, पण काकाजींपुढं बोलायची कोणाची टाप नाही.

"याचा खांदा कोन्ता?" काकाजींनी विचारलं.

"काकाजी, बाहेरून! फक्त बाहेरून लावा!" मी जवळजवळ किंचाळले. त्यांनी कपाटाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांना लोणी चोळलं, पानानं शेकलं, मग वाकून पंख्याच्या जाळीजवळ तोंड नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जाळीतून गरम वारा त्यांच्या मिशीला लागला. "हो म्हणते," ते खूश होऊन म्हणाले. मग त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. सणाच्या आधी कोणी चोरून काम करवून घेऊ नये म्हणून.

घरी पोचते न पोचते तो फोन आला. आमच्या लॅब टेक्निशियन कोर्सची एक जुनी विद्यार्थिनी, जामच्या पलीकडच्या एका खेड्यातली. पुण्याच्या एका दवाखान्यात तिची निवड झाली होती. कागद मागितले तेव्हा घरची पेटी उघडली, तर गुणपत्रिकांची वाळवीनं माती केलेली. विद्यापीठातून नवी प्रत यायला महिना लागतो. दवाखान्यानं त्या संध्याकाळी कळवलं होतं: तिन्ही वर्षांचे गुण कॉलेजच्या मेलवरून उद्या पाच वाजेपर्यंत पाठवा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू.

"मॅडम, होईन न?" तिनं विचारलं.

"होईल. सकाळी ये," मी म्हणाले. बोलून गेले, आणि मग आठवलं की तिचे गुण त्या एकाच सर्व्हरच्या पेटीत आहेत, पेटी कुलपात आहे आणि उद्या ती पेटी बंद करायची आहे. बंद केली आणि उठलीच नाही, तर पोरीची नोकरी गेली.

पोळ्याच्या सकाळी नऊला पोचले तर पोरगी आधीच व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली. अंगावर इस्त्रीचा पंजाबी ड्रेस. मेलनं कागद पाठवायला इस्त्री लागत नाही, पण ती तशी आली होती. तेवढ्यात काकाजींची वरात आली. रंगीत झूल, घुंगरांची माळ, बेगड लावलेलं बाशिंग आणि पुरणपोळीचं ताट. कुलूप उघडलं. बाशिंग सर्व्हरच्या कपाटाला बांधलं, झूल वरून पांघरली. मी धावत जाऊन पंख्याच्या जाळीवरची झूल बाजूला केली. "त्याला गुदमरतं," म्हणाले. हे मात्र काकाजींना लगेच पटलं. मग प्राचार्यांनी खिशातून चिठ्ठी काढून झडती म्हटली. झडती म्हणजे पोळ्यात बैलांपुढं म्हणतात ते गमतीचं गाणं. ही त्यांनी स्वतः रचलेली:

"काळी पेटी, निळी बत्ती,
सारं कॉलेज हिच्यावरती!
नेट गेलं तं गुल मस्ती,
बोला हर हर महादेव!"

"महादेव!" चाळीस शिक्षक ओरडले. गणिताच्या मॅडमनी सर्व्हरला ओवाळलं.

"आता बंद कर," काकाजी म्हणाले.

मी रात्रभर ठरवून आले होते. स्क्रीन बंद केली. भिंतीवरचा स्विच, ज्यातून सगळ्या कॉलेजच्या वायरी निघतात आणि ज्याचे शंभर दिवे लुकलुकतात, तो बंद केला. ट्यूबलाइट घालवली. खोली अंधारली. सर्व्हर मात्र तसाच चालू ठेवला. कूलरच्या घरघरीत त्याचा आवाज कोणाला ऐकू येणार? स्टाफ पुरणपोळीकडं पळाला आणि मी मनात म्हटलं, सुटले बापा.

काकाजी गेले नाहीत. त्यांनी कपाटावर हात ठेवला, अगदी बैलाच्या कुशीवर ठेवतात तसा. ठेवूनच राहिले. "मॅडमबाई," ते म्हणाले, "हा तं गरम हाय. अन् थरथरून राह्यला."

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि निघालं खरंच. "काकाजी, हा म्हातारा झालाय. बसला तर उठणार नाही."

सहा अर्जांतल्या आलेखांनी जे झालं नव्हतं, ते या एका वाक्यानं झालं. काकाजी खुर्ची ओढून बसले. "असं पह्यले काऊन नाई सांगितलं? म्हाताऱ्या बैलाले बसू देत नसते. उभा राहू दे त्याले. पण जू उतरव. पूरं."

मी स्विचमधून सर्व्हरकडं जाणारी वायर त्यांच्यासमोर उपटून दाखवली. आता स्विच पुन्हा चालू केला तरी एकशे चाळीसपैकी एकही कॉम्प्युटर त्याच्यापर्यंत पोचू शकत नव्हता. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई! नऊ वर्षांत पहिल्यांदा हा मोकळा आहे! सगळ्याची प्रत काढायची तर आजच! पर्समध्ये माझी स्वतःची डिस्क होतीच, केव्हाची घेऊन ठेवलेली. मी ती हळूच मागून जोडली. तिच्यावर निळा दिवा लुकलुकायला लागला.

"हे काय लावलं?" काकाजी.

"वैरण," मी म्हणाले. काय करू, दुसरं सुचलंच नाही.

त्यांनी दिव्याकडं बराच वेळ पाहिलं. "खाऊन राह्यला," ते म्हणाले.

एक काम मार्गी लागलं, पण पोरीचं तिथंच. त्या प्रतीतून गुणांचं पान निघत नाही, त्यासाठी सर्व्हरवरचा प्रोग्रॅम उघडावा लागतो. म्हणजे स्क्रीन लावायची, मशीन राबवायचं, तेही काकाजींच्या डोळ्यांदेखत. आणि काकाजी तर राखणीलाच बसलेले. मी आशा धरली की जेवायला उठतील. त्यांनी ताट तिथंच मागवलं. म्हटलं डुलकी लागेल. ऐंशी वर्षांचा माणूस पोटभर पुरणपोळी खाऊन टक्क जागा! दुपारी म्हणाले, पोळा भरायची वेळ झाली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. दरवर्षी गावातला पोळा काकाजींनी नारळ फोडल्यावरच फुटतो, म्हणजे बैल घराकडं सुटतात. "औंदा मुलगा फोडन," ते म्हणाले. "मी याच्यापाशी बसतो. याचा पयला पोळा होय." मधून मधून उठून ते कपाटाला हात लावून पाहत आणि पुन्हा बसत.

पोरीला मी दर अर्ध्या तासानं सांगत होते, "थांब, होतंय." ती मान हलवायची. तिच्यापेक्षा मोठी मी, पदानं मॅडम, आणि एका म्हाताऱ्याला विचारायची हिंमत होत नव्हती. मला माझीच लाज वाटत होती.

चारला मी विचारलंच. "काकाजी, एक काम आहे. तीन पानं फक्त."

"आज नाई."

"पोरीची नोकरी आहे हो. पाचपर्यंतच वेळ आहे. तीन पानांनी काय होतं?"

"असंच म्हनते सारं गाव. एका फेऱ्यानं काय होते?" ते म्हणाले. "साठ वर्सं झाले, पोळ्याले मी कोनाले जुंपलं नाई. माह्या बापानं बी नाई. उद्या सकाळी पाचले ये म्हना, मी सोता येतो."

"उद्या पाचला नोकरी दुसऱ्याची झालेली असेल!" माझा आवाज चढला. काकाजींवर संस्थेत कोणी आवाज चढवत नाही. बाहेरचे शिपाई पळालेच. काकाजींनी नुसती मान हलवली, नाई म्हणून.

पोरगी कधी दारात येऊन उभी राहिली मला कळलं नाही.

"आजोबा, एक इचारू?" ती म्हणाली. "आज बैलाले सुटी हाय. बसले हाय. या मशीनलेबी हाय. माही माय सकाळपासून पाच घरी पुरण वाटाले गेली. सणाच्या दिवशी तिले रोजच्याहून जास्त काम राह्यते. तिले सुटी कोन देते?"

काकाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मले ही नोकरी लागली तं मी देईन," ती म्हणाली. "माहे तीन वर्सं या पेटीत हायेत. थे मले द्या."

गावाकडून डफड्यांचा आवाज आला, पोळा फुटला होता. काकाजींच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते हळूहळू उठले, सर्व्हरसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्या पेटीला हात जोडले. "एक फेरा, बापा," ते म्हणाले. "पोरीसाठी."

मी स्क्रीन लावली. प्रोग्रॅम उघडायला सहा मिनिटं लागली. प्रत काढणं आणि पान काढणं, दोन्ही ओझी एकदम. प्रत मधे थांबवली असती तर सकाळपासूनचं सगळं वाया गेलं असतं. पहिल्या वर्षाचं पान आलं. पेनड्राइव्हवर घेतलं. "झालं?" काकाजी. "आणखी दोन." "एक म्हनलो होतो मी," ते पुटपुटले, पण पुन्हा हात जोडले. दुसरं आलं. तिसऱ्याला पंखा इतका ओरडायला लागला की पोरीनं माझा दंड धरला. आलं. पाचला वीस मिनिटं कमी असताना या संस्थेच्या नेटवर्क प्रमुखानं कॉलेजचा मेल स्वतःच्या मोबाइलवरून पाठवला, कारण कॉलेजचं नेट सुटीवर होतं.

पाचला पाच कमी असताना उत्तर आलं: कागद मिळाले, परवा रुजू व्हा. पोरगी रडायला लागली, मीही. तिनं वाकून काकाजींना नमस्कार केला, मग आईला फोन लावत बस स्टॉपकडं पळाली.

परत वळले तर खोलीत वेगळाच आवाज येत होता. खट्. खट्. खट्. हा आवाज मी ओळखते. कोणीही नेटवाला ओळखतो. सर्व्हरची डिस्क गेली होती. स्क्रीन काळी. प्रत बहुतेक पुरी झाली होती. राहिला तो फक्त पत्रव्यवहाराचा भाग, ज्यात माझे सहा अर्ज होते. तेवढं गेलं तर गेलं.

काकाजींनी कपाटाला हात लावला आणि काढला नाही. हळूहळू ते गार पडत गेलं. "मी मारला काय वं याले?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला राहवलं नाही.

"तुम्ही नाही, काकाजी. ती वैरण नव्हती. सकाळपासून मी त्याला जुंपला होता. तुमच्यासमोर, खोटं बोलून."

"माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"वैरण खानारा बैल थंडा राह्यते. हा तं तापतच चालला होता. हात लावून पाह्यत होतो न मी. तू जुंपला, हे मले दहा वाजताच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काऊन बोलू? काम होऊन राह्यलं होतं, अन् पाप तुह्या नावावर जात होतं."

काय म्हणावं या माणसाला! मला राग आला, त्याच वेळी हसू आलं, आणि दोन्हींत मी रडत होते ते वेगळंच. काकाजींनी झूल उतरवली, घडी घातली, बाशिंग सोडलं. नवे आणायचे तर दोन आण, एकट्याला नांगराला जुंपलं हेच आपलं चुकलं, असं म्हणाले. सहा अर्जांत मी हेच लिहिलं होतं. दाराशी जाऊन ते थांबले.

"पन थे पोरीचे तीन फेरे," ते म्हणाले, "थे माह्या नावावर. थे तू घेजो नोको."